दशावतारातले फोटो पांढरे पडतात, हलतात, पट्टे येतात, नट तोंड फिरवतो : काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात जत्रा सुरू होतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत गावोगावी रात्रीचे दशावतार, म्हणजे पुराणातल्या आख्यानांवरची लोकनाटकं, चालतात. सोनुर्लीच्या लोटांगणाच्या जत्रेपासूनच मला फोटो यायला लागतात : 'बघ रे जरा, असं का झालं?' माणसं वेगळी, फोन नि कॅमेरे वेगळे, पण बिघाड तोच. आणि त्या बिघाडासोबत दर वेळी एक दुसरी तक्रार असते, ती लोक दबक्या आवाजात सांगतात : 'कंपनीतला (नाटकमंडळीतला) एक जण ओरडला', 'स्त्रीपार्टीवाल्याने (बाईची भूमिका करणाऱ्या नटाने) पाठ फिरवली', 'मागच्या बायका खाली बस म्हणाल्या'. या दोन तक्रारी मी वेगळ्या धरत नाही. ज्या कारणाने फोटो बिघडतो, बहुतेक वेळा त्याच कारणाने नटालाही त्रास होतो.

लक्षणं

- राजाचा किंवा देवीचा चेहरा पिठासारखा पांढरा, नाक-डोळे सपाट, मागे सगळं काळं.
- फोटोत आडवे काळपट पट्टे. एका फोटोत दिसतात, पुढच्यात नाहीत.
- लढाईतल्या फोटोत तलवार नाही, हात नाही, नुसता रंगाचा फराटा.
- संकासुर (काळ्या वेशातला असुर) धूसर आणि मागचा पडदा मात्र स्वच्छ.
- राक्षस लाल किंवा निळ्या डागासारखा, रंगभूषेचा तपशील गायब.
- दिव्यांभोवती धुकट वलय, सगळा फोटो दुधाळ.
- नट कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिटतो, बाजूला वळतो, किंवा बोलता बोलता थांबतो.

शेवटचं लक्षण दिसलं की बाकी काही तपासायच्या आधी कॅमेरा खाली घ्यायचा. तिथे काहीतरी चुकतंय आणि ते फोटोपेक्षा महत्त्वाचं आहे.

पहिली तपासणी : फ्लॅश, आणि फ्लॅशसारखं वागणारं सगळं

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. फोनमध्ये फ्लॅश 'ऑटो'वर असतो, तो पूर्ण बंद करा. कॅमेऱ्यात फ्लॅशसोबत फोकसला मदत करणारा छोटा दिवाही बंद करा. तो नारिंगी किंवा हिरवा झोत बरेच जण विसरतात आणि नटाच्या नेमका डोळ्यात जातो. व्हिडिओ काढताना फोनची बॅटरी लावून ठेवणाऱ्यांनी तीही बंद करावी. पडद्याचा उजेड सगळ्यात खाली आणा, कारण मागे जमिनीवर बसलेल्या माणसाला तुमच्या हातातला तो लख्ख चौकोन नाटकाइतकाच ठळक दिसतो.

फोटोच्या बाजूने कारण सोपं आहे. फोनचा फ्लॅश दोन-तीन मीटरपुढे फारसं काम करत नाही. तुम्ही दहा मीटरवर बसलेले असाल तर तो उजेड पुढच्या माणसांच्या डोक्यांवर पडतो, कॅमेरा त्या डोक्यांवरून हिशेब करतो आणि नट काळा राहतो. जवळ असाल तर सफेदा चोपडलेल्या चेहऱ्यावर तो आपटून परत येतो आणि चेहरा पिठाचा होतो.

नटाच्या बाजूने कारण जास्त गंभीर आहे. दशावताराला लिखित संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद मात्र रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे जुळवायचे असतात. समोरचा काय बोलला ते ऐकायचं, त्यातला पुराणातला धागा पकडायचा, उत्तर द्यायचं. त्या क्षणी डोळ्यात झोत गेला तर तुटलेलं वाक्य सांधायला त्याच्याकडे पाठांतर नसतं. लढाईत तर धोकाच आहे : डोक्यावर मुकुट, अंगावर जड कपडे, हातात तलवार, गिरकी चालू, पायाखाली माइकच्या वायरी. त्यात दोन सेकंद दिसेनासं झालं तर काय होईल याचा विचार करा. आणि गणपतीचा मुखवटा घातलेल्या नटाला मुळातच जेमतेम समोरचं दिसत असतं.

दुसरी : काच

कोकणातली रात्र दमट असते. मंदिराबाहेर दव पडतं, फोन खिशातून काढला की काचेवर वाफ धरते, वर खाज्याचं, म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊचं, बोट लागलेलं असतं. दिव्यांभोवतीचं धुकट वलय निम्म्या वेळा एवढ्यानेच जातं. मऊ सुती कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलं की घामाचा थर पसरतो. पुसूनही वलय राहिलं तर शेवटचा भाग वाचा.

तिसरी : नाईट मोड

अंधारात फोन आपणहून नाईट मोड लावतो. त्यात तो एकापाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो करतो आणि त्याला कधी कधी दोन-तीन सेकंद लागतात. दीपमाळेसाठी ते उत्तम, हलत्या माणसासाठी निरुपयोगी. बंद करा. फोटो थोडा दाणेदार येईल, येऊ द्या. दाणेदार पण स्थिर फोटो नट आवडीने मागून घेतो, गुळगुळीत पण तीन हात असलेला फोटो कुणी मागत नाही.

चौथी : कुठे बसलात

इथेही पैसे लागत नाहीत, फक्त लवकर यावं लागतं. पालखी फिरून आली की नाटक सुरू होतं, तोवर पुढची जागा भरलेली असते. पुढच्या रांगेत गावातल्या म्हाताऱ्या बायका आणि पेंगुळलेली पोरं असतात, ती जागा त्यांचीच आहे. आपण कडेला बसावं. मला वाजंत्र्यांच्या विरुद्ध बाजूची कड आवडते, कारण नट पखवाजवाल्याकडे आणि पेटीवाल्याकडे वळून पद उचलतो तेव्हा चेहरा आपल्या बाजूने अर्धवट उजेडात येतो आणि रंगभूषेच्या रेषा उठून दिसतात. समोरून मधोमध काढलेल्या फोटोत माइकचा दांडा तोंडासमोर येतो, तो त्रासही कडेला बसल्याने जातो.

एकदा बसलं की बसून राहायचं. उभं राहून, वाकून, पुन्हा उभं राहून काढलेल्या फोटोंत हात हलतो. मांडी घालून कोपर गुडघ्यावर टेकवलं तर फोन बराच स्थिर राहतो. तिपाई आणू नका, गर्दीत तिचे पाय लोकांच्या पायात येतात.

राक्षसपार्टी कधी कधी प्रेक्षकांच्या मागून आरोळी ठोकत येते. ती वाट मोकळी सोडा. चांगल्या फोटोच्या आशेने त्या वाटेवर आडवं बसणारे लोक मी दर हंगामात बघतो, आणि मुकुटातून खालचं न दिसणारा नट त्यांच्या पायांना अडखळतानाही बघतो.

पाचवी : विचारलं का?

नट पाठ फिरवतो या तक्रारीचा उपाय कॅमेऱ्याच्या मेनूत नाही. तो रंगपटाच्या दारात आहे.

रंगपट म्हणजे बहुतेक गावांत धर्मशाळेची पडवी, शाळेची खोली, नाहीतर देवळामागे ताडपत्रीचा आडोसा. तिथे प्रत्येक नट आपापल्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसतो आणि तळहाताएवढ्या आरशात बघून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. आधी सफेद्याचा हात, मग लाली, मग काजळाची भुवई, आणि त्या भुवईची एक रेघ चुकली की ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. गणपतीची पूजा होते, उदबत्ती लागते. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला हे सगळं मोहात पाडतं, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात जास्त आगाऊपणा होतो.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या मालकाला विचारा. चपला बाहेर काढा. मग ज्याचा फोटो काढायचा त्याला वेगळं विचारा, मालकाचा होकार सगळ्यांचा होकार नसतो. 'फोटो काढलंय तर चलात मां?' एवढं पुरतं. होय म्हणाला तरी त्याचं काम थांबवून 'इकडे बघा' म्हणू नका. नाही म्हणाला तर कारण विचारू नका.

स्त्रीपार्टी करणाऱ्या नटांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. दशावतारात बायकांच्या भूमिका परंपरेने पुरुष करतात, आणि चांगली स्त्रीपार्टी ही वर्षानुवर्षांची कमाई असते : चाल, मान, पदराची पकड, विलापातला आवाज. त्या नटाचा अर्धी साडी, उघडी छाती, केसांचा टोप अजून बाजूला, अशा अवस्थेतला फोटो काढून त्याखाली हसण्याच्या चेहऱ्यांसकट टाकणं हा अपमान आहे. तो फोटो त्याच्या गावात, त्याच्या मुलाच्या शाळेत पोचतो. वेश पूर्ण झाल्यावर विचारून काढा. तयार झालेला नट रंगपटाच्या बल्बखाली एक मिनिट उभा राहतो तेव्हा तो आपणहून पात्रात शिरतो, आणि तसा फोटो चोरून काढता येत नाही.

काढलेला फोटो दाखवा. नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. नंबर दिला तर दुसऱ्या दिवशी पाठवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फोटो चेपला जात नाही. पाठवतो म्हणून न पाठवणारे इतके झालेत की पुढच्या माणसाला नकार मिळतो तो त्यांच्यामुळे. पूर्ण आख्यानाचा व्हिडिओ मालकाला विचारल्याशिवाय कुठेही चढवू नका, कंपनीचं पोट त्या प्रयोगांवर चालतं.

याच यादीत ट्रिकसीनही येतात. आता पुष्कळ कंपन्या ट्रिकसीनचे दशावतार करतात, धूर येतो, कुणी अदृश्य होतं, कुणी हवेत उचललं जातं. कडेला बसल्यावर तुम्हाला दोर आणि दोर ओढणारा माणूस दिसतो. तो फोटो काढू नका आणि काढलाच गेला तर लावू नका. पुढच्या गावात त्याच प्रसंगाला पोरांनी तोंडात बोट घालायचं आहे.

सहावी : उजेडाचा हिशेब

इथून पुढे थोडा सराव लागतो. रंगमंचावर एक उजळ चेहरा आणि भोवती काळोख असतो. कॅमेरा सगळ्याची सरासरी काढतो, काळोख जास्त म्हणून फोटो उजळ करायला जातो आणि चेहरा जाळतो. फोनमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरा, कुलूप लागलं की उजेडाची पट्टी खाली ओढा. कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग (एकाच ठिपक्यावरचा उजेड मोजणं) लावा किंवा एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली घ्या. मागचं काळं राहिलं तर राहू द्या, त्या रात्रीच्या डोळ्यांनाही ते काळंच दिसत होतं.

सातवी : पट्टे

याने लोक सगळ्यात जास्त वैतागतात, कॅमेरा बिघडला समजून दुकानात नेतात. कॅमेरा ठीक असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर उजेडाचा एक पूर्ण फेरा फोटोत येतो, १/५० ला दोन येतात, आणि पट्टे जातात किंवा फिके होतात. १/२५० ला फेऱ्याचा तुकडाच हाती लागतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तिथे १/१०० करा. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमने काढा.

काही रंगीत एलईडींचा डिमर वेगळ्याच गतीने लुकलुकतो, तिथे १/१०० ने भागत नाही. १/८०, १/६० असं एकेक करून बघा. जनरेटरवर दिवे असतील तर वीज थोडी वरखाली होते आणि मघाशी स्वच्छ आलेल्या सेटिंगवर पुन्हा पट्टे येतात. परत तपासायचं, दुसरा उपाय नाही.

आता एक अडचण, जिथे फोटो आणि शिष्टाचार एकमेकांच्या आड येतात. मिररलेस कॅमेऱ्यातलं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सभ्य आहे, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने पट्टे त्यातच जास्त येतात. यांत्रिक शटर खटखट करतं, पट्टे कमी. माझा नियम : पखवाज घुमतोय, लढाई चालू आहे, तेव्हा यांत्रिक. तो आवाज कुणालाच ऐकू जात नाही. स्त्रीपार्टीचा विलाप चालू आहे, पेटीचा एकच सूर धरलेला आहे, तेव्हा बिनआवाजी आणि १/५० किंवा १/१००. त्यातही पट्टे येत असतील तर त्या प्रसंगाचा फोटो सोडून द्या. त्या वेळी सगळं गाव गप्प असतं.

आठवी : हललेली लढाई

१/१०० वर गिरकी हलणारच, आणि शटर वाढवलं तर पट्टे. मार्ग नाटकातच आहे. पखवाजाचा तुकडा संपतो त्या ठोक्यावर नट पाय आपटून क्षणभर थांबतो, तलवार वर, मान वळलेली. थोडा वेळ नुसतं ऐका, तो ठोका कुठे येतो ते कानाला कळायला लागतं. तिथेच बटण दाबा. एका ठोक्याला एक फोटो, आणि तो स्थिर. सेकंदाला दहा फोटोंची फैर झाडायची गरज राहत नाही, शेजाऱ्यालाही त्रास होत नाही.

नववी : संकासुर

आडदशावतारातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला, संकासुर म्हणजे फोकसचा शत्रू. अंगरखा काळा, चेहऱ्यावरचा बुरखा काळा, मागे रात्र. फोकसला पकडायला काळ्या-पांढऱ्याची कड लागते आणि इथे ती नसते, म्हणून कॅमेरा मागचा पडदा पकडतो. डोळे शोधणारा ऑटोफोकस बंद करा, बुरख्यात त्याला डोळे सापडणार नाहीत. एकच बिंदू निवडा आणि तो लाल जिभेवर ठेवा. जीभ हाताला लागत नसेल तर शेजारी उभ्या भटजीच्या पांढऱ्या उपरण्याच्या कडेवर फोकस लावून कुलूप करा, दोघे साधारण एकाच अंतरावर असतात. जड मुकुट आणि गडद रंगभूषेच्या राक्षसालाही हीच युक्ती चालते, तिथे मुकुटाची झगमगती कड धरा.

लाल-निळ्या झोताचं थोडक्यात : राक्षसाच्या प्रवेशाला नुसता लाल उजेड असतो तेव्हा तपशील येणार नाही, कितीही झटा. पांढरा दिवा येईपर्यंत थांबा, किंवा रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढून घरी कृष्णधवल करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ४०००-५००० केल्व्हिनच्या मध्ये कुठेतरी पक्का करा, म्हणजे दिवे बदलले तरी रंग नाचणार नाहीत.

दहावी : पैसे खर्च करायचेच असतील तर

वरचं सगळं करूनही उजेड कमी पडत असेल तर मोठ्या छिद्राची लेन्स. एफ १.८ ची ५० मिमी लेन्स बहुतेक कॅमेरा कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि कडेला बसणाऱ्याला पुरते. आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) ३२०० ते ६४०० ला घाबरू नका. नवा कॅमेरा हा शेवटचा विचार, आणि बाहेरून लावायचा फ्लॅश हा विचारच नको.

कधी थांबायचं

जत्रेत कुणाच्या अंगात अवसार (देवाचा संचार) आला, तरंगं (देवतांचे सजवलेले खांब) नाचायला लागली, गाभाऱ्याचं दार उघडं दिसलं, तर कॅमेरा पिशवीत, आणि मानकऱ्यांनी स्पष्ट होय म्हटल्याशिवाय बाहेर नाही. नट पडला, कुणाला लागलं, भांडण झालं, तरी थांबा. पहाटे नाटकाच्या शेवटी दहीकाला झाल्यावर नटांना फोटोसाठी उभं करू नका. रात्रभर उभे होते, रंग उतरवून दुसऱ्या गावाला जायचं असतं.

कधी दुसऱ्याला बोलवायचं

उजेड कमी आहे म्हणून दिवा हलवू नका, वायर ओढू नका, ओल्या जमिनीवरून ओढलेली ती तात्पुरती जोडणी असते. लाईटवाल्याला सांगा, जमलं तर तो करेल. कंपनीला पोस्टर, बॅनर किंवा छापील जाहिरातीसाठी फोटो हवे असतील तर जत्रेतले फोटो पुरत नाहीत. त्यासाठी व्यावसायिक फोटोग्राफर बोलवावा, दिवसा, वेगळी वेळ ठरवून, नटांच्या मानधनाचं आधी बोलून.

आणि ते धुकट वलय. काच पुसून, फिल्टर काढूनही प्रत्येक दिव्याभोवती दूध सांडल्यासारखं दिसत असेल तर लेन्स कॅमेऱ्यातून काढा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. पावसाळाभर कपाटात पडलेल्या लेन्सना कोकणात ती हमखास धरते. लेन्स स्वतः उघडू नका. आतल्या काचा केसभर सरकल्या तरी फोकस कायमचा जातो, आणि घरगुती द्रावणाने काचेवरचा लेप निघतो. सर्व्हिस सेंटरला न्या, खर्चाचा आकडा आधी विचारा. ५० मिमीच्या स्वस्त लेन्सची सफाई नव्या लेन्सच्या किमतीजवळ जात असेल तर नवीच घ्या. जुनी लेन्स इतर लेन्सच्या डब्यात परत ठेवू नका, आणि नवी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. त्या पुड्या ओलावा धरून भरल्या की बदला.